खरेदीतला टक्का आणि निविदेतली अट

शासन कर गोळा करते, कायदे करते आणि नोकऱ्या देते, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु शासन हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईकही असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी या गिऱ्हाइकाचा आवाका ध्यानात येतो. दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय नांदेडला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाची प्रशिक्षण केंद्रे मुदखेड आणि लातूर येथे आहेत, तर सीमा सुरक्षा दलाचे केंद्र चाकूरला आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये आहेत. जिल्हा परिषदा, महानगरपालिका, वसतिगृहे आणि अंगणवाड्या यांचे जाळे त्याहून वेगळे. या सर्वांना खाटा, गाद्या, गणवेश, किराणा, छपाई, साफसफाईचे साहित्य, यंत्रांचे सुटे भाग आणि डागडुजीची कामे वर्षभर लागतात. हा पैसा कोणाच्या हाती जातो, स्थानिक लहान कारखानदाराकडे की दूरच्या मोठ्या कंपनीकडे, पिढीजात व्यापारी घराण्याकडे की पहिल्यांदाच धंद्यात उतरलेल्या कुटुंबाकडे, यावर त्या भागातली उद्योजकता बऱ्याच अंशी ठरते.

खरेदीचा काही हिस्सा जाणीवपूर्वक लहान उद्योगांकडून, स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांकडून किंवा सामाजिकदृष्ट्या मागे ठेवल्या गेलेल्या समाजांतील उद्योजकांकडून करण्याच्या धोरणाला पुरवठादार-वैविध्याचे धोरण म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा नियम कागदावर सर्वांना सारखा लागू होतो. परंतु कमी दर भरण्यासाठी लागणारे भांडवल, उधारीवर मिळणारा कच्चा माल, आधीच्या कामांचे दाखले आणि कार्यालयांतली ओळख या गोष्टी सर्वांकडे सारख्या नसतात. मराठवाड्यातल्या गावगाड्यात कोणी काय पुरवायचे हे जन्माने ठरत असे. बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे, पण मालाचा भाव ठरवण्याचा किंवा गिऱ्हाईक बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे क्वचितच असे. ती व्यवस्था मोडली, तरी आडतीवरची पत, नात्यागोत्यातली उधारी आणि ठेकेदारीतल्या ओळखी जुन्या वाटांनीच फिरत राहिल्या. त्यामुळे बाजार खुला झाला म्हणून तो आपोआप सर्वांचा होत नाही, ही या धोरणाची मूळ भूमिका आहे.

राखीव खरेदीची जुनी परंपरा

भारतात ही कल्पना अमेरिकेतून आली असा समज असला, तरी तिचे देशी रूप त्याहून जुने आहे आणि त्याचा एक उत्तम नमुना याच दोन जिल्ह्यांत सापडतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या खादीकार्याच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीर येथे विणले जाते, रंगाई व प्रक्रियेसाठी ते बाहेर पाठवले जाते आणि नांदेडला त्याची कापणी, अशोकचक्राची छपाई व शिलाई होते. ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असे ठरलेले आहे, त्याचे नऊ अधिकृत आकार १५० बाय १०० मिलिमीटरपासून ६,३०० बाय ४,२०० मिलिमीटरपर्यंत जातात, आणि कापडाचा पोत, रंगाची छटा व शिलाई यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाण पाळावे लागते. भारतीय मानकांच्या यादीतला पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकालाच दिलेला आहे.

एवढे कडक प्रमाण पाळणारी हातकताईची संस्था टिकली, त्याचे एक कारण तिला हमखास गिऱ्हाईक होते. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतही, हातकताई व हातविणाईचे कापड खादी व ग्रामोद्योग आयोगाकडूनच घ्यावे अशी तरतूद आहे, आणि ध्वजसंहितेने राष्ट्रध्वज खादीचाच असावा असे दीर्घकाळ बंधन ठेवले होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा फडकवण्याची मोहीम निघाली तेव्हा वाढलेल्या मागणीचा मोठा हिस्सा स्वस्त यंत्रनिर्मित ध्वजांकडे वळला. राखीव खरेदी एखाद्या उद्योगाला कौशल्य टिकवण्यासाठी वेळ देते. पण त्या उद्योगाचे अस्तित्व एकाच नियमावर अवलंबून असेल, तर नियम बदलताच त्याच्यापुढे नवी बाजारपेठ शोधण्याचा प्रश्न उभा राहतो, हे या उदाहरणातून दिसते.

लहान उद्योगांसाठीही अशी सोय जुनीच आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ १९५५ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या एकाच नोंदणीवर सरकारी निविदांत सवलत मिळण्याची योजना पुढे रूढ झाली. मात्र लहान उद्योग कोणाचा, हा प्रश्न त्या काळात विचारला जात नव्हता.

अमेरिका, भोपाळ आणि लातूरचे चोबुरी

तो प्रश्न अमेरिकेत आधी विचारला गेला. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मार्च १९६९ मध्ये अल्पसंख्य समाजांच्या उद्योगांना मदत करणारे कार्यालय स्थापन केले. १९७२ मध्ये मोठ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य पुरवठादारांशी जोडून देणारी राष्ट्रीय परिषद उभी राहिली, आणि १९७८ च्या कायद्याने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या बड्या कंपन्यांना पोटकंत्राटांचा आराखडा देणे भाग पाडले. पुढे १९८९ मध्ये रिचमंड शहराने बांधकामाच्या कंत्राटांत ठेवलेला ३० टक्के हिस्सा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या विशिष्ट क्षेत्रात भेदभाव झाल्याचा ठोस पुरावा असल्याशिवाय वंशाधारित हिस्सा ठेवता येणार नाही, असा तो निकाल होता.

भारतात जानेवारी २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने भोपाळ येथे भरवलेल्या परिषदेत दलित-आदिवासींच्या प्रश्नांचा जाहीरनामा स्वीकारला गेला, आणि नोकऱ्यांतील आरक्षणापलीकडे जाऊन सरकारी खरेदीत या समाजांतील उद्योजकांना वाटा देण्याची कल्पना धोरणाच्या पातळीवर मांडली गेली. तिला संघटित आवाज दिला तो २००५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संस्थेने, म्हणजे ‘डिक्की’ने. तिचे संस्थापक मिलिंद कांबळे हे लातूर जिल्ह्यातल्या चोबुरी गावचे. नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते पुण्यात गेले आणि बांधकाम व्यवसायात उतरले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या प्रदेशातल्या तरुणाला ठेकेदारीत शिरण्यासाठी शहर गाठावे लागले, त्याच प्रदेशातून खरेदीतल्या वाट्याची मागणी पुढे आली, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२०१२ चा आदेश कसा चालतो

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ च्या कलम ११ खाली केंद्र सरकारने २३ मार्च २०१२ रोजी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला, आणि तो १ एप्रिल २०१२ पासून अमलात आला. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षभराच्या एकूण खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यात एकूण खरेदीच्या ४ टक्के भाग अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांचा असावा, असे त्यात ठरले. सुरुवातीची तीन वर्षे हे उद्दिष्ट ऐच्छिक होते, एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०१८ मधल्या दुरुस्तीने एकूण प्रमाण २५ टक्के झाले आणि त्यात स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्क्यांची भर पडली. याखेरीज ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. झाडू, बादल्या, काटेरी तार, जखमेवर बांधायच्या पट्टीचे कापड अशा नेहमीच्या वापरातल्या जिनसा त्या यादीत आहेत.

आदेशाचा गाभा मात्र दराच्या मुभेत आहे. एखाद्या प्रशिक्षण केंद्राला १,००० लोखंडी खाटा हव्या आहेत असे धरले, आणि एका मोठ्या कंपनीने खाटेमागे ४,००० रुपये हा सर्वांत कमी दर भरला, तर खरेदीच्या व्यवहारात त्या दराला ‘एल-वन’ म्हणतात. एल-वनच्या वर १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४,६०० रुपयांपर्यंत दर भरणाऱ्या लघुउद्योगाला स्वतःचा दर एल-वनवर आणण्याची संधी द्यावी लागते. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखानदाराने ४,५०० रुपये भरले असतील आणि तो ४,००० वर यायला तयार झाला, तर किमान २५ टक्के मागणी, म्हणजे २५० खाटा त्याला मिळतात. या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते : शासन त्याला जादा दर देत नाही, फक्त संधी देते. मोठी कंपनी पोलाद शेकडो टनांनी घेते, लहान कारखानदार ते गावातल्या व्यापाऱ्याकडून आठवड्याच्या गरजेपुरते उचलतो. त्यामुळे ४,००० रुपयांत त्याला नफा उरेलच असे नाही. काही वेळा तो केवळ सरकारी कामाचा दाखला पदरात पडावा म्हणून तोटा सोसून पुरवठा करतो.

या सवलतींबरोबर निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. पूर्वीच्या उलाढालीची व अनुभवाची अट शिथिल करण्याची मुभा २०१६ मध्ये देण्यात आली. नोंदणीसाठी जुलै २०२० पासून ‘उद्यम’ हे एकच संकेतस्थळ आहे, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेसवर, म्हणजे ‘जेम’वर, केंद्रीय कार्यालयांची खरेदी मोठ्या प्रमाणावर होते. चाकूरच्या केंद्राला लागणाऱ्या वस्तूसाठी आता देशातला कोणताही नोंदणीकृत विक्रेता बोली लावू शकतो, तसाच लातूरचा विक्रेता आसामातल्या छावणीसाठीही बोली लावू शकतो. स्थानिक असण्याचा जुना फायदा त्यामुळे कमी झाला आणि दूरचा बाजार खुला झाला.

टक्का कुठे अडतो

धोरणाच्या एकूण २५ टक्क्यांच्या उद्दिष्टापेक्षा केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांची खरेदी अलीकडच्या वर्षांत जास्त होत आली आहे. अनुसूचित जाती-जमातींचा ४ टक्क्यांचा वाटा मात्र सातत्याने उद्दिष्टाच्या बराच खाली राहिला आहे. ही तफावत भरून काढण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियाना येथे राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबची सुरुवात झाली, तरी दरी मिटली नाही. तिचे एक कारण आदेशाच्या रचनेतच आहे. या समाजांतील उद्योजकांनी निविदा भरली नाही किंवा ते एल-वनवर येऊ शकले नाहीत, तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडे वळतो. खरेदीदार कार्यालयाला त्याचा जाब द्यावा लागत नाही, आणि एकूण टक्का भरलेला दिसतो.

दुसरे कारण व्यवसायाच्या स्वरूपात आहे. धोरणाचा लाभ उत्पादन करणाऱ्या व सेवा देणाऱ्या उद्योगांना मिळतो. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली, तरी खरेदीच्या सवलती त्यांना लागू झाल्या नाहीत. मराठवाड्यात पहिल्या पिढीतले बहुतेक उद्योजक किरकोळ व्यापार, वाहतूक किंवा मजूर पुरवण्यापासून सुरुवात करतात, कारण यंत्रे व शेड उभी करण्याएवढे भांडवल त्यांच्याकडे नसते. ज्यांना वाट्याची गरज सर्वाधिक, तेच व्याख्येच्या बाहेर राहतात.

तिसरे कारण तांत्रिक मान्यतेचे. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डब्यांचा कारखाना उभारण्याचे भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झाले, डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला आणि पुढे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १,९२० डब्यांचे काम भारतीय सार्वजनिक कंपनी व रशियन कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमाकडे गेले. अशा कारखान्याभोवती लहान सुटे भाग बनवणाऱ्यांची वस्ती वाढावी ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पण रेल्वेच्या सुरक्षेशी निगडित भाग पुरवायचे, तर कारखान्याची तपासणी, नमुन्यांच्या चाचण्या आणि मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत नाव, असा दीर्घ रस्ता पार करावा लागतो. तो पार करेपर्यंत यंत्रावरच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

राज्यातल्या वाटपाचे दोन धडे

महाराष्ट्रात वाटपाचा वेगळा प्रघात आहे. सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा परिषदा ठरावीक रकमेपर्यंतची छोटी कामे, उदाहरणार्थ शाळेच्या खोलीची दुरुस्ती, मोरी किंवा पोचरस्त्याचे खडीकरण, सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटून देतात. ३३:३३:३४ हे त्याचे प्रमाण दीर्घकाळ रूढ राहिले. काम वाटप समिती सोडतीने कामे देते, त्यामुळे पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या अभियंत्याला अनुभवाच्या दाखल्यावाचून पहिले काम मिळते. एकरकमी मोठे काम काढण्याऐवजी त्याचे तुकडे केले, तर नवख्याला शिरकाव मिळतो, हा त्यातला धडा आहे.

दुसरा धडा अंगणवाडीच्या आहाराचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला की अंगणवाड्यांतील पोषणाहाराच्या पुरवठ्यासाठी ठेकेदार वापरू नयेत, आणि निधी शक्यतो गावसमाज, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत खर्च व्हावा. महाराष्ट्रात मात्र घरी न्यायच्या आहाराच्या पुरवठ्यासाठी निघालेल्या निविदांतील अटींवरून वारंवार वाद झाले. २०१६ च्या निविदा प्रक्रियेबाबत वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादारांना अनुकूल व बचत गटांना वगळणाऱ्या असल्याचे धरून, सुमारे ६,३०० कोटी रुपयांची कंत्राटे रद्द केली आणि नव्याने निविदा काढण्यास सांगितले. महिला संस्थेचे नाव पुढे आणि कारखाना व भांडवल दुसऱ्याचे, असा आक्षेपही या क्षेत्रात आधीपासून घेतला जात होता. मालकीत ५१ टक्के हिस्सा दाखवला की महिलांचा उद्योग ठरतो, हा निकष कागदावर तपासता येतो. निर्णय कोण घेते, बँकेच्या खात्यावर सही कोणाची आणि नफा कोणाकडे जातो, हे तपासायला कागद पुरत नाही.

पैसे कधी मिळतात

पुरवठा झाल्यावर देयक किती दिवसांत निघते, यावर लहान पुरवठादाराचे जगणे अवलंबून असते. २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक केले आहे, करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के असेल, तर व्याजाचा दर १८ टक्के होतो. तक्रार सुकरता परिषदेकडे करता येते, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे तक्रारीचे संकेतस्थळही सुरू झाले. हा कायदा कागदावर चांगलाच धारदार आहे. तरीही अनेक पुरवठादार तक्रार करत नाहीत, कारण ज्या कार्यालयाकडून पुढचे काम हवे त्याच कार्यालयावर दावा लावणे परवडत नाही.

म्हणूनच तक्रारीऐवजी व्यवस्थेतूनच पैसे लवकर मिळावेत, अशा उपायांकडे धोरणाचा कल वळला. बिलांवर बँका बोली लावून सवलतीने आगाऊ रक्कम देतात, अशा ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचांवर केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना आणि २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात बदल करून, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीस दाखवता येईल, असे ठरवले. या तरतुदीने कंपन्यांवर खरा दाब आला. त्याबरोबर, लहान पुरवठादार टाळून मोठ्याकडेच काम वळवले जाईल, अशी भीतीही व्यापारी वर्तुळांत व्यक्त झाली.

खाजगी कंपन्यांना पुरवठादारांच्या वैविध्याची सक्ती भारतात नाही. भारतीय उद्योग महासंघाने २००६ मध्ये दलित-आदिवासींच्या संधींसाठी स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता स्वीकारली, टाटा समूहाने शिक्षण व रोजगाराबरोबर उद्योजकतेलाही आपल्या कार्यक्रमात स्थान दिले, आणि अमेरिकी कंपन्यांच्या भारतीय शाखांनी आपल्या मुख्यालयांची पद्धत इथे आणली. परंतु कंपनीचा खरेदी अधिकारी दर, दर्जा आणि वेळ या तीन गोष्टींवर तोलला जातो; नवा पुरवठादार घडवण्यात गेलेला त्याचा वेळ त्याच्या कामगिरीत धरला जात नाही, तोवर अशा घोषणांचा प्रभाव मर्यादित राहतो.

उदगीरच्या मागांपासून हरंगुळच्या कारखान्यापर्यंतची ही उदाहरणे एकत्र ठेवली, तर एक निष्कर्ष टाळता येत नाही. राखीव टक्का हा फक्त प्रवेशाचा हक्क देतो. पुरवठादार टिकतो की बाहेर फेकला जातो, हे मागणीचा आकार, अनुभवाची अट, तांत्रिक मान्यतेचा कालावधी, मालकीची खरी तपासणी आणि देयकाची मुदत या पाच गोष्टी ठरवतात. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कायद्यात नसून निविदेच्या मसुद्यात असते, आणि तो मसुदा जिल्ह्यातल्या एखाद्या कार्यालयात भांडारप्रमुख किंवा कार्यकारी अभियंता तयार करतो. दिल्लीत किंवा मुंबईत टक्का वाढवणे सोपे आहे. खरेदीची मोठी गठडी सोडून तिचे लहान तुकडे करणे, अनावश्यक अटी काढणे आणि ठरलेल्या दिवशी बिल मंजूर करणे, एवढे जिल्ह्याच्या पातळीवर झाले, तर आहे तोच टक्का पुरेसा ठरू शकेल. ते झाले नाही, तर टक्का कितीही वाढवला तरी त्याचा लाभ आधीच आत असलेल्यांनाच मिळत राहील.